जुनी जीप घेताना : आधी कागद, मग सांगाडा, रंग सर्वांत शेवटी

मागच्या गणेशोत्सवात मंडळाच्या आवारात आमची जीप दोन दिवस उभी होती. लहान मुलांनी तीत बसून फोटो काढून घेतले, आणि मोठ्यांनी आम्हाला तेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले. कुठे मिळाली? किती खर्च आला? आमच्या गावच्या घरी अशीच एक पडून आहे, तिचं काही होईल का? तिसऱ्या प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख. आम्ही मंडळातले चार सभासद. चौघांपैकी एकच जण गाड्यांच्या व्यवसायातला, बाकीचे तिघे हौशी. जे काही शिकलो त्यातलं निम्मं चुका करून शिकलो, हे आधीच सांगून टाकतो.

इंदूरच्या माणसाला लष्करी गाड्यांचं नवल नाही. महूची छावणी हाकेच्या अंतरावर आहे. ज्या कारखान्यात जोंगा तयार झाली तो जबलपूरचा व्हेईकल फॅक्टरी कारखाना आपल्याच राज्यात आहे. माळव्यातल्या अनेक मराठी घरांत शेतीसाठी, शिकारीसाठी किंवा सरकारी कामावर फिरण्यासाठी एके काळी जीप होती. त्यातल्या कित्येक आजही गोठ्याच्या कडेला, खताच्या पोत्यांखाली उभ्या आहेत. त्यामुळे नवी हौस करण्याआधी आपल्याच नात्यागोत्यात एकदा चौकशी करावी, असं आमचं मत झालं आहे.

कोणती जीप कोणती?

बाजारात प्रत्येक जुनी जीप ‘दुसऱ्या महायुद्धातली’ म्हणून विकायला येते. त्यामुळे निदान ढोबळ ओळख तरी हवी.

महायुद्धातली खरी जीप म्हणजे विलीज एमबी, आणि त्याच आराखड्यावर फोर्ड कंपनीने बनवलेली जीपीडब्ल्यू. १९४१ ते १९४५ या काळात दोन्ही मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. चार सिलिंडरचं सुमारे २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, ६० अश्वशक्ती, तीन गिअर, ८० इंचांचा व्हीलबेस. ही गाडी डाव्या हाताच्या स्टिअरिंगची. बॉनेट बसकं, पुढच्या जाळीत नऊ उभ्या फटी, मागे उघडणारं फाळकं नाही आणि पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली. अगदी सुरुवातीच्या सुमारे २५ हजार विलीज गाड्यांना पत्र्याच्या जाळीऐवजी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. फोर्डच्या गाडीत बोल्टच्या डोक्यांवर आणि अनेक भागांवर इंग्रजी ‘एफ’ अक्षर उमटवलेलं असतं. विलीजच्या चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, फोर्डचा उलट्या पन्हळीसारखा. ही एक खूण वाकून पाहिली तरी पुष्कळ कळतं, कारण जाळी कुणीही बदलतो, चासीचा दांडा सहसा कुणी बदलत नाही.

युद्धानंतर कंपनीने नागरी वापरासाठी सीजे मालिका काढली. तिच्या जाळीत सात फटी आणि मागे फाळकं असतं. आपल्याकडे महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून जीप तयार करायला सुरुवात केली. पुढे आली सीजे-३बी. तिचं बॉनेट उंच असतं, कारण आतलं इंजिन उंच आहे. जुन्या इंजिनात आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह बाजूला होते, तर या इंजिनात आत येणारा व्हॉल्व्ह डोक्यावर घेतला आहे. उजव्या हाताचं स्टिअरिंग आणि उंच नाक असलेली, आपल्या लहानपणीच्या पोलीस ठाण्यासमोरची आणि तहसील कचेरीबाहेरची जीप म्हणजे बहुधा हीच. लष्करातही तिने मोठी सेवा केली. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानी रणगाडे उडवले ते जीपवर बसवलेल्या तोफेनेच. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

जोंगा ही वेगळी गाडी. निस्सान पेट्रोलच्या आराखड्यावर ती जबलपूरला तयार होत असे. सहा सिलिंडरचं जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. गाडी राजेशाही आहे, पण तिची तहान मोठी आणि सुटे भाग दुर्मीळ. जिप्सी सर्वांत नवी. तिचे भाग सहज मिळतात आणि मिस्त्रीही, म्हणून पहिल्यांदा या वाटेला जाणाऱ्याला आम्ही जिप्सी किंवा सीजे-३बी सुचवतो. महायुद्धातली अस्सल गाडी दुसऱ्या वेळेसाठी ठेवावी.

आमची पहिली चूक

आम्ही स्वतः मात्र हे ऐकलं नाही. एका विक्रेत्याकडे बसक्या बॉनेटची, नऊ फटींची, पांढरा तारा रंगवलेली ‘१९४४ची विलीज’ पाहिली आणि जागेवर बयाणा दिला. रंग आरशासारखा होता. घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले, तर पुढचा दांडा ना विलीजचा ना फोर्डचा. पुन्हा जाऊन पाहिलं. नोंदणी पुस्तकातला चासी क्रमांक आणि चासीवरचा क्रमांक जुळत नव्हता. चासीवरच्या आकड्यांच्या कडा ताज्या होत्या, भोवती घासल्याच्या खुणा होत्या. म्हणजे महिंद्रची चासी, नव्या पत्र्याचं ‘लो बॉनेट’ शरीर आणि तिसऱ्याच कुठल्या गाडीचे कागद. बयाणा बुडाला. पण व्यवहार पूर्ण झाला असता तर गाडीही गेली असती आणि चौघांनी पोलिसांच्या फेऱ्या मारल्या असत्या.

नव्या पत्र्याचं शरीर बनवणं हा काही गुन्हा नव्हे. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरची मंडी डबवाली अशा जीपसाठी प्रसिद्धच आहे. पण ती गाडी जी आहे तीच म्हणून विकली पाहिजे आणि कागदावर तशीच नोंदलेली पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ स्वरूपात मनमानी बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यावर स्पष्ट निर्णय दिला आहे. पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कागद : काय पाहावं

आमची आजची जीप इंदूरजवळच्या एका खेड्यात, ओळखीच्या कुटुंबाच्या शेतावर मिळाली. १९६७ची सीजे-३बी. गाडी मूळ मालकाच्याच नावावर होती, आणि ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. कुटुंबाने भंगारवाल्याशी बोलणंही केलं होतं, कारण “कागद संपले, आता तिचं काही होत नाही” असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. पण सोपंही नव्हतं.

मालक हयात नसेल तर आधी गाडी वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१ असतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. नियमाप्रमाणे हे तीन महिन्यांत करायचं असतं. उशीर झाला तर दंड भरून करता येतं. त्यानंतर वारसाकडून आपल्या नावावर करताना फॉर्म २९ आणि ३०. आमच्या बाबतीत तीन भाऊ आणि दोन बहिणींच्या सह्या लागल्या. एक बहीण बडोद्याला, एक हैदराबादला. नुसत्या सह्यांना आठ महिने गेले.

म्हणून सभासदांना कळकळीची विनंती आहे. तुमच्या घरी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावरची गाडी उभी असेल, तर ती विकायची असो वा नसो, वारस नोंद आधी करून घ्या. आज दोन सह्यांत होणारं काम पुढच्या पिढीत दहा सह्यांवर जातं. अशा कितीतरी गाड्या यंत्र बिघडून मेलेल्या नसतात, कागदांच्या कंटाळ्याने किलोच्या भावात जातात.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, त्याचा अर्ज फॉर्म २५. जुन्या हस्तलिखित आरसी पुस्तकातली माहिती आरटीओच्या संगणकात नसते. ती आधी चढवून घ्यावी लागते, आणि ती चढवताना चासी व इंजिन क्रमांकातलं एखादं अक्षर चुकलं तर पुढे डोकेदुखी होते. खिडकीवरून हलण्याआधी स्वतः वाचून पाहा.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीसाठी १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय झाली आहे. वय पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. चासी, शरीर किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, पुनर्नोंदणीचं ५ हजार, मुदत १० वर्षं, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. आम्हाला अधूनमधून शेतावर जायचं होतं, म्हणून आम्ही साधी नोंदणीच चालू ठेवली.

गाडी थेट लष्करातून निकाली निघालेली असेल तर लिलावाचे आणि गाडी सुपूर्द केल्याचे मूळ कागद मागा. नुसती झेरॉक्स चालवून घेऊ नका. लष्करी क्रमांकाची सुरुवात वर तोंड केलेल्या बाणाने होते आणि पुढचे दोन आकडे खरेदीचं वर्ष सांगतात. गाडीचं वय पडताळायला ते उपयोगी पडतात. पण तो क्रमांक नागरी गाडीवर मिरवायचा नसतो.

सांगाडा : कुठे वाकून पाहावं

पत्रा नवा मिळतो, इंजिन नव्याने बांधता येतं. चासी मात्र गाडीचा कणा. पुढच्या स्प्रिंगांच्या कड्यांपाशी आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो तिथे तडे शोधा. जुन्या वेल्डिंगचे थर दिसले तर सावध व्हा. चासी वाकली आहे का हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. सपाट जमिनीवर ओळंबा सोडून चार कोपऱ्यांच्या खुणा करा आणि दोन्ही कर्ण दोरीने मोजा. फरक बोटभर निघाला तर गाडी कधीतरी जोरात आदळलेली आहे.

पत्र्यासाठी खिशात एक लोहचुंबक ठेवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. महायुद्धातल्या गाड्यांच्या तळाखालच्या आडव्या पन्हळींत लाकूड भरलेलं असे. ते पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून कुजवतं. चालकाच्या आसनाखालची टाकीची जागाही हमखास गंजलेली सापडते. आसन उचलून बघायला संकोच करू नका.

इंजिन थंड असताना सुरू करून बघा. विक्रेत्याने आपण येण्याआधीच ते गरम करून ठेवलं असेल तर त्याला काहीतरी लपवायचं आहे. निळा धूर म्हणजे तेल जळतं आहे. तेलाच्या कांडीवर दुधाळ फेस म्हणजे पाणी तेलात शिरलं आहे. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण चारही जवळपास सारखे हवेत.

काम कोणत्या क्रमाने करावं

इथे बहुतेकांची गाडी घसरते, आमचीही घसरणार होती. हाती पैसे असतात तेव्हा माणूस आधी रंग लावतो, कारण रंग दिसतो. मग ब्रेकसाठी गाडी पुन्हा उघडावी लागते आणि रंग ओरखडतो. आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बजावलं, “साहेब, रंग लावला की तुमचा उत्साह संपेल. तो शेवटी ठेवा.”

पहिलं काम फोटोंचं. खोलण्याआधी प्रत्येक जोडाचे फोटो काढा, आणि प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावा. मग चासी उघडी करून वाळूच्या माऱ्याने साफ करा आणि प्राइमर मारा. त्यानंतर ब्रेक.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर सांगितलं पाहिजे. या जीपमध्ये चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर चालतात. एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. म्हणून जुनी एकही नळी ठेवू नका. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या सगळं नवं घाला. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रम उघडल्यावर हवेच्या झोताने धूळ उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा. महायुद्धातल्या काही गाड्यांची चाकं दोन तबकड्या बोल्टने जोडून केलेली असतात. टायरमधली सगळी हवा काढल्याशिवाय तो बोल्ट सैल केला तर तबकडी तोफेसारखी उडते. हे काम पंक्चरच्या दुकानातल्या पोरावर सोपवू नये.

मग स्प्रिंगा आणि स्टिअरिंग, मग इंजिन, मग वायरिंग. जुन्या जीपची वीज मूळची ६ व्होल्टची होती, आपल्याकडच्या बहुतेक गाड्या आता १२ वर नेलेल्या असतात. कोणतीही असो, सत्तर ठिकाणी टेप गुंडाळलेली वायर वाचवू नका, आगीचं मूळ तेच असतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर खातं आणि हवेतलं पाणी ओढतं. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घाला, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा.

चारचाकी जोडणीसाठी वेगळे दांडे असतात. माती, वाळू, चिखल सोडून डांबरी रस्त्यावर ती जोडू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. मातीत ती घसरून फरक भरून काढतात, डांबरावर तो ताण गिअर आणि दांड्यांवर येतो.

आम्ही सहा महिन्यांचा बेत केला होता, अडीच वर्षं लागली. खर्च? खरेदीची किंमत दिली त्याहून जास्त पैसे नंतर लागले. जो कुणी आधीच पक्का आकडा सांगतो त्याने चासी उघडून पाहिलेली नसते.

आणि रंग

गाडी लष्करी असेल तर मन हिरव्या रंगाकडे धावतं. तो लावता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखलेला आहे. लष्करातून निवृत्त झालेल्या गाडीलाही नागरी नोंदणी करताना दुसरा रंग द्यावा लागतो. आरसीवर असतो तोच रंग गाडीवर हवा. आमच्या जीपचा मूळ रंग आम्हाला डॅशबोर्डवरची माहितीपट्टी काढल्यावर तिच्याखाली सापडला, निळसर राखाडी. कागदांवरही तोच होता. त्यामुळे पुढचा वाद मिटला.

गाडी रंगवण्याच्या आधीच एकदा शेतावर नेली होती. मूळ मालकांच्या पत्नी, कुटुंबातल्या सगळ्यांच्या आजी, यांनी सही देताना एकच अट घातली होती, ‘चालायला लागली की एकदा दारात आणा.’ त्यांचं वय पाहता रंगासाठी थांबणं आम्हाला बरं वाटलं नाही. कागद आमच्या नावावर झाले होते, विमा उतरवला होता, ब्रेक तपासून घेतले होते. प्राइमरचे डाग अंगावर घेऊनच जीप त्यांच्या अंगणात उभी राहिली. आजी बाहेर आल्या, बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ आवाज ऐकला आणि म्हणाल्या, “हॉर्न वाजवा. हे फाटकातून वाजवायचे.” हॉर्नची वायर तेवढी जोडायची राहिली होती.

ती आता जोडली आहे. येत्या दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहोत. मंडळातल्या कुणाच्या घरी अशी गाडी उभी असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी आम्हाला सांगा. विकत घ्यायला नव्हे, सोबत बसून कागद वाचायला आम्ही येऊ. आरसी पुस्तक कुठे ठेवलं आहे ते मात्र आजच शोधून ठेवा.